हक्कसोडपत्र: कोकणातल्या जमिनीतला वारसाहिस्सा सोडायचा तर

गणपतीला किंवा मे महिन्यात सगळी भावंडं गावी जमली की हा विषय निघतोच. "ताई, तालुक्याला जाऊन एक सही करून येऊ." सही एकच असते, पण तिच्यामागे काय काय जातं याचा हिशेब बहुतेक घरांत सही झाल्यावर, कधी कधी वीस वर्षांनी, मांडला जातो. तो आधीच कसा मांडायचा आणि कागद कसा करायचा, ते इथे सांगितलं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्याकडच्या कायद्यात वारसा 'नाकारण्याची' सोय नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार माणूस मृत्युपत्र न करता वारला, की त्याच क्षणी त्याच्या वारसांना हिस्सा मिळतो. तुम्ही मागा वा मागू नका, सातबारावर नाव चढो वा न चढो. अमेरिकेत नऊ महिन्यांच्या आत लेखी नकार दिला, तर तो वारस आधीच वारला होता असं धरून पुढचं वाटप होतं. मात्र आपला वाटा कुणाला जावा हे त्याला ठरवता येत नाही. आपल्याकडे उलट आहे. हिस्सा आधी तुमचा होतो, मग तुम्ही तो दुसऱ्या हिस्सेदाराला देता. कागदाचं नाव 'हक्कसोड' असलं तरी काम देण्याचं आहे. कुणाला, कशातलं आणि किती, ही तिन्ही उत्तरं कागदात नसतील तर तो कागद भांडणाला आमंत्रण.

वडील हयात असताना घेतलेली सही

"लग्नाच्या वेळीच तिने लिहून दिलंय" असं अनेक घरांत ऐकायला मिळतं. मिळकत वडिलांनी स्वतः कमावलेली असेल, तर त्या लिहून देण्याला अर्थ नाही. वडील जिवंत असताना मुलीकडे हक्क नसतो, असते ती फक्त आशा, आणि १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ६ सांगतं की अशी आशा हस्तांतरित करता येत नाही. एक अपवाद लक्षात ठेवा. सही करताना पैसे किंवा दुसरी जमीन घेतली असेल, तर नंतर हिस्सा मागणाऱ्याला न्यायालय अडवू शकतं.

वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीचं गणित वेगळं आहे. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलीही जन्मतः सहदायाद, म्हणजे एकत्र मिळकतीतल्या हिस्सेदार, झाल्या, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही. तिथे मुलीचा हक्क आजचा आहे, त्यामुळे तो वडिलांच्या हयातीतही सोडता येतो. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी मात्र यामुळे उघडत नाही.

आजोबांची म्हणून सगळी जमीन 'वडिलोपार्जित' समजू नका. आजोबा १९५६ नंतर वारले आणि वडिलांना या कायद्याने हिस्सा मिळाला असेल, तर तो वडिलांच्या हातात त्यांचा स्वतंत्र मानला जातो. त्यावर ते मृत्युपत्रही करू शकतात. म्हणून वकिलाकडे जाताना आजोबांच्या मृत्यूची तारीख आणि त्या काळचे जुने फेरफार, म्हणजे सातबारावर नावं बदलल्याच्या नोंदी, घेऊन जा. प्रकरणाची अर्धी दिशा तिथेच ठरते.

आधी सर्वांची वारस नोंद, मग हक्कसोड

हा क्रम चुकला की पुढचं सगळं अडतं. वारस नोंदीच्या वेळीच बहिणींची नावं गाळायची आणि "त्यांनी सोडलंय" म्हणायचं, ही जुनी खोड. वारस नोंदीत सगळे वारस आलेच पाहिजेत. सोडायचं ते नंतर, स्वतंत्र दस्ताने.

अर्ज तलाठ्याकडे द्यायचा. कागदोपत्री तो आता ग्राम महसूल अधिकारी झाला आहे, बोलण्यात तलाठीच. ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीतूनही अर्ज करता येतो. मृत्यूचा दाखला, खात्याचा आठ-अ उतारा, सर्व वारसांची नावं, वयं, नातं आणि पत्ते असलेलं प्रतिज्ञापत्र, आधार, शिधापत्रिका हे सोबत लागतं. नोंद गाव नमुना ६-क या वारस नोंदवहीत होते आणि तिथून फेरफार धरला जातो. महसूल संहितेप्रमाणे हक्क मिळाल्याची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते, पण उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. २०२५ मध्ये सरकारने 'जिवंत सातबारा' मोहीम काढली ती याच तुंबलेल्या नोंदींसाठी.

कोकणात अडचण असते ती साखळीची. सातबारावर वडिलांचं नावच नसतं, आजोबांचं किंवा त्यांच्या थोरल्या भावाचं असतं, आणि नावापुढे 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. ते नाव एकट्याचं दिसलं तरी जमीन सगळ्या घराची असते. अशा वेळी पणजोबांपासून वंशावळ लिहून पिढीनुसार एकेक वारस फेरफार करून घ्यावा लागतो. मधली पिढी गाळून थेट नातवंडांनी हक्कसोड केलं, तर फेरफार मंडळ अधिकाऱ्याकडे रद्द होतो.

'इतर हक्क' हा रकाना नीट वाचा. पूर्वी कित्येक गावांत बहिणींची नावं मालकी रकान्यात न घालता इतर हक्कात टाकली जायची. तिथे नाव असलं तरी हिस्सा असतोच. ज्या घरात "तिचं नाव कुठे आहे सातबाराला?" असं विचारतात, तिथे बरेचदा ते याच रकान्यात, बारीक अक्षरांत असतं. याच रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कुळाचं नाव आणि झाडांचे हक्कही असतात.

कुणाच्या लाभात सोडायचं

आकड्यांनीच बघू. वडिलांची स्वकष्टार्जित जमीन १ हेक्टर २० आर, म्हणजे १२० आर. मागे आई, दोन मुलगे, दोन मुली. पाच वारस, प्रत्येकी २४ आर.

दोघी बहिणींनी फक्त गावच्या भावाच्या लाभात सोडलं, तर त्याचे ७२ आर होतात. आईचे आणि मुंबईच्या भावाचे २४ आर तसेच राहतात. दोघींनी उरलेल्या तिघांच्या लाभात समान सोडलं, तर तिघांचे प्रत्येकी ४० आर. नुसतं "मी माझा हक्क सोडत आहे" एवढंच लिहिलं, तर गावचा भाऊ म्हणणार मला दिलं आणि मुंबईचा म्हणणार सगळ्यांना दिलं. नावं आणि आर लिहा. कोकणात आणेवारीत, म्हणजे रुपयातले किती आणे या हिशेबात, हिस्सा सांगायची सवय अजून आहे, पण कागदात आणे-पै यांच्यासोबत आर आणि अपूर्णांकही लिहा.

आता न दिसणारा खड्डा. आई वारली की तिच्या नावचे २४ किंवा ४० आर पुन्हा चारही मुलांत वाटले जातात. ज्या बहिणींनी वडिलांच्या वेळी सही केली, त्या आईच्या वारस म्हणून परत उभ्या राहतात. पहिल्या उदाहरणात प्रत्येकीला ६ आर, दुसऱ्यात १०. यात बहिणींची लबाडी काही नाही, कायदाच तसा आहे. आईच्या हयातीत तिच्या वाट्यावरचा हक्क बहिणींना आधीच सोडता येत नाही, कारण ती पुन्हा नुसती आशाच. सुरक्षित मार्ग एकच: आईने मृत्युपत्र करावं. त्यासाठी दोन साक्षीदारांसमोर सही लागते. नोंदणी सक्तीची नाही, तरी करावी.

आईनेही लगेच आपला हिस्सा सोडून द्यावा, असा आग्रह काही घरांत होतो. तो मान्य करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. सोडायचाच असेल, तर दस्तात तिच्या राहण्याची, जेवणखाणाची आणि औषधपाण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर आहे, अशी अट लिहा. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात असा दस्त रद्द करून घेता येतो, पण त्यासाठी सांभाळण्याची अट असावी लागते. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हक्कसोडाच्याच एका प्रकरणात ते अधोरेखित केलं. अट तोंडी होती म्हणून हात हलवत परत यावं लागलेल्या आया कमी नाहीत.

दस्तात काय लिहायचं

लिहून घेणार (ज्याला हिस्सा मिळतो) आणि लिहून देणार (जो सोडतो) यांची पूर्ण नावं, वय, धंदा, पत्ता, आधार आणि पॅन. मूळ मालक कोण, कधी वारला, वारस कोण कोण, वारस फेरफाराचा क्रमांक. मग मिळकतीचं वर्णन: गाव, तालुका, जिल्हा, सर्व्हे व हिस्सा नंबर किंवा गट नंबर, क्षेत्र, आकार (म्हणजे जमिनीचा सरकारी सारा), चतुःसीमा. आणि मुख्य कलम, जे असं असावं:

"वर वर्णन केलेल्या मिळकतीत मयत वडिलांच्या मृत्यूने मला प्राप्त झालेला १/५ म्हणजे २४ आर इतका अविभक्त हिस्सा मी स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता, लिहून घेणार क्रमांक १ यांच्या एकट्याच्या लाभात कायमचा सोडून देत आहे. परिशिष्टात नमूद नसलेल्या मिळकतींतील तसेच आईच्या पश्चात मिळणाऱ्या हिश्श्यावरील माझा हक्क यामुळे जात नाही."

शेवटचं वाक्य लिहिणारे थोडेच असतात. त्याऐवजी टंकलेखकाच्या संगणकातल्या जुन्या नमुन्यात "व इतर सर्व स्थावर जंगम मिळकती" असे शब्द असतात, आणि तेच सहज छापले जातात. गावच्या एका हिश्श्यासाठी सही केलेल्या बहिणीचा दादरचा फ्लॅट आणि वडिलांच्या ठेवीही वादात येतात त्या या शब्दांनी. ते खोडायला लावा.

कोकणात नुसता सातबारा लिहून भागत नाही. घर सातबारावर नसतं. ते ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर, मिळकत क्रमांकाने असतं, आणि नगरपालिका किंवा गावठाण हद्दीत मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर). बहिणीला घरातली एक खोली ठेवायची असेल तर ते वेगळं लिहा. नाहीतर "जमीन सोडली म्हणजे घरही सोडलं" असं धरलं जातं. झाडांचंही तसंच. जमीन एकाची आणि हापूसची कलमं दुसऱ्याची, ही गोष्ट रत्नागिरी-सिंधुदुर्गात नवी नाही. कलमं किती, कोणत्या हिश्श्यात, सोडली की राखली, ते आकड्यात लिहा. विहिरीच्या पाण्याचा वाटा, परसातली पायवाट, सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जायची वाट, देवघराचा मान आणि समाध्यांची जागा यांचाही उल्लेख ठेवा. भांडणं बहुतेक वेळा भातशेतीवरून नाही, पायवाटेवरूनच होतात.

जमीन कुळकायद्याने मिळालेली, 'भोगवटादार वर्ग २' (हस्तांतराला सरकारी परवानगी लागणारी) किंवा कुळकायद्याच्या कलम ४३ चा शेरा असलेली असेल, तर दस्ताआधी तहसील कार्यालयात परवानगीचा प्रश्न मिटवा. २०१४ च्या दुरुस्तीनंतर खरेदी प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील, तर आकाराच्या ४० पट रक्कम भरून ही अट निकालात निघते. कोकणातल्या वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या, जमिनीचा आकार बघता ती रक्कम अगदी किरकोळ असते.

मुद्रांक आणि नोंदणी

शंभर रुपयांवरच्या स्थावरातला हक्क सोडायचा तर दस्त नोंदणीकृतच हवा, हे १९०८ च्या नोंदणी कायद्याचं कलम १७ सांगतं. नोटरीच्या शिक्क्याचा कागद किंवा तलाठ्यापुढचा जबाब याने हक्क जात नाही. जबाबावर झालेला फेरफार दहा वर्षं सुखात चालतो, आणि भाऊ जमीन विकायला निघाला की खरेदीदाराचा वकील नेमका तोच कागद काढून समोर ठेवतो.

महाराष्ट्राच्या मुद्रांक कायद्यात वडिलोपार्जित मिळकतीचं हक्कसोड सख्खे भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, आई-वडील, नवरा-बायको, वारलेल्या मुलाची मुलं किंवा या सर्वांचे वारस यांच्यात असेल, तर ठोक मुद्रांक लागतो. ऑक्टोबर २०२४ पासून तो ५०० रुपये आहे. इतर कुणाच्याही बाबतीत हिश्श्याच्या बाजारमूल्यावर खरेदीखताइतका मुद्रांक बसतो. सवलतीच्या यादीत भावाच्या नावापुढे 'एकाच आई-वडिलांची मुलं' असा खुलासा आहे, त्यामुळे चुलत भावाच्या नावे सोडताना ५०० रुपयांत काम होईल असं गृहीत धरू नका. दोघा भावांनी मिळून विकत घेतलेली कलमाची बाग वडिलोपार्जित नाही, तिथेही सवलत नाही. शंका असेल तर दस्ताचा मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्याकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे किती मुद्रांक लागेल ते ठरवून घ्यायला, द्या. नंतर वसुलीची नोटीस येण्यापेक्षा ते परवडतं.

पैसे घेऊन 'विनामोबदला' लिहिणं सर्रास चालतं. मोबदला लिहिला तर सवलत धोक्यात येते, हे त्यामागचं कारण. पण ठरलेले पाच लाख भावाने पुढे दिले नाहीत, तर बहिणीच्याच सहीचा कागद तिच्या विरोधात उभा राहतो. मोबदला खरा असेल तर तो लिहावा, चेकचा क्रमांक घालावा आणि लागेल तो मुद्रांक भरावा.

सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला न्यायचा. त्यानंतर आणखी चार महिने दंडासह मिळतात. दंड नोंदणी शुल्काच्या दहा पटीपर्यंत जाऊ शकतो. मिळकत ज्या तालुक्यात, तिथल्या दुय्यम निबंधक कार्यालयात जायचं. आधी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर दस्ताची माहिती भरून क्रमांक घ्यावा लागतो, मुद्रांक आणि शुल्क ऑनलाइन चलनाने भरता येतं. कार्यालयात सोडणारा आणि ओळख पटवणारे दोन साक्षीदार हजर हवेत, फोटो आणि अंगठ्याचे ठसे तिथेच घेतात. म्हातारी आत्या अंथरुणाला खिळलेली असेल, तर अर्ज करून दुय्यम निबंधकाला घरी बोलावता येतं. तिला खाटेसकट रिक्षात घालून तालुक्याला न्यायची गरज नाही.

परदेशातल्या भावंडाला यायला जमत नसेल, तर मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत किंवा तिथल्या नोटरीसमोर करून पाठवावं, आणि ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरून घ्यावा. अनिवासी भावाला शेतजमिनीतला हिस्सा भारतात राहणाऱ्या नातेवाइकाच्या लाभात सोडता येतो. दुबईतल्या भावाने लंडनच्या भावाच्या नावे शेतजमीन सोडली, तर परकीय चलनाच्या नियमांत अडकते.

फेरफार

नोंदणी झाली की फेरफाराची माहिती महसूल खात्याकडे जाते, पण ती गेली का हे स्वतः बघा. नमुना ६ मध्ये नोंद झाल्यावर सर्व हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. हरकत आली तर प्रकरण वादाच्या नोंदवहीत जातं, नाहीतर मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. निर्णय मान्य नसेल तर ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील. नोटिसा गावच्या पत्त्यावर जातात आणि बंद घराच्या दाराला चिकटतात. पंधरा दिवस असेच निघून जातात. चाकरमान्यांनी खात्यावर मोबाइल नंबर आणि मुंबईचा पत्ता दोन्ही नोंदवावेत. नवा डिजिटल सातबारा १५ रुपयांत मिळतो. घराची नोंद ग्रामपंचायतीत वेगळा अर्ज देऊन बदलायची, ती आपोआप होत नाही.

हिस्सा सोडल्यावर काय जातं

सगळ्यात मोठी किंमत बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: शेतकरी असल्याचा पुरावा. कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. मुंबईकर बहिणीने किंवा भावाने गावचा एकुलता हिस्सा सोडला, की सातबारावरून नाव जातं, आणि उद्या कुठेही दोन गुंठे शेतजमीन घ्यायची झाली तर तलाठी विचारतो, शेतकरी दाखला कुठे? म्हणून सगळं सोडायचं असलं तरी एका हिश्श्यातले एक-दोन आर राखून ठेवा, आणि दस्तात "परिशिष्टातील मिळकत क्रमांक ४ वगळून" असं स्पष्ट लिहा. हे सांगितलं की गावचा भाऊ सहसा नाराज होत नाही, कारण त्याला हवी असते बाग आणि घरामागची खाचरं. सड्यावरचा दोन आरांचा कातळ त्यालाही नकोच असतो.

दुसरं, भूसंपादनाचा मोबदला. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात किती घरांतले जुने हक्क पुन्हा उकरले गेले, हे रायगडपासून सावंतवाडीपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. हिस्सा सोडल्यानंतर संपादन झालं, तर मोबदल्यावर तुमचा हक्क उरत नाही. महामार्गालगतचा किंवा समुद्राकडचा नंबर असेल, तर तो सोडण्यापूर्वी किंवा राखण्यापूर्वी थांबून विचार करा.

कर्जाच्या भीतीने सोडायची मात्र गरज नाही. वडिलांचं कर्ज वारसाला त्यांच्याकडून मिळालेल्या मिळकतीपुरतंच फेडावं लागतं. तुमच्या स्वतःच्या पगाराला किंवा फ्लॅटला त्याची झळ लागत नाही. उलट स्वतःचं कर्ज चुकवण्यासाठी हिस्सा भावाच्या नावे सोडला, तर धनको तो दस्त न्यायालयात उलथवू शकतो.

कराबाबत थोडक्यात: वारसाहक्काने मिळण्यावर भारतात कर नाही, इस्टेट ड्युटी १९८५ मध्येच गेली. सख्ख्या नातेवाइकाला विनामोबदला सोडलं, तर सोडणाऱ्याला भांडवली नफा नाही आणि घेणाऱ्याला देणगीवर कर नाही. पैसे घेतले तर मात्र ते हस्तांतरण ठरतं. नगरपालिका हद्दीपासून लांबच्या ग्रामीण शेतजमिनीवर भांडवली नफा कर लागत नाही, पण त्याच जमिनीवरच्या घराला ही सूट नाही.

सोडायचं नाही पण भावाला अडवायचंही नाही, असं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम २२ बघावं. एका वारसाने हिस्सा विकायला काढला, तर इतर वर्ग एकच्या वारसांना (मुलं, पत्नी, आई अशा जवळच्या वारसांना) तो आधी घेण्याचा हक्क आहे, आणि २०१९ च्या निकालानंतर तो शेतजमिनीलाही लागू आहे. बहिणीने हिस्सा ठेवला म्हणून तो लगेच परक्याच्या हातात जातो, ही भीती त्यामुळे तितकी खरी नाही. पण तिने ठेवला आणि ती वारली, तर तिचा नवरा आणि मुलं हिस्सेदार होतात. तिला मूलबाळ नसेल आणि मृत्युपत्रही नसेल, तर वडिलांकडून आलेली मिळकत वडिलांच्या वारसांकडे परत फिरते. मुलं असतील तर पुढच्या पिढीत सातबारावर नावांची रांग लागते. त्यापेक्षा ती हयात असतानाच वाटणी करून तिचा तुकडा वेगळा केलेला बरा.

सही करता येत नाही किंवा करू नये अशा जागा

अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलांच्या वतीने आईला हक्कसोड करता येत नाही. त्यांच्या स्थावरासाठी जिल्हा न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. विधवा भावजयीने स्वतःची सही केली आणि मुलांचीही केली, असे दस्त मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत मोडता येतात.

कोकणातल्या मुस्लिम कुटुंबांना १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू नाही. तिथेही हयातीतली नकाराची सही टिकत नाही, आणि मृत्यूनंतरचा हिस्सा नोंदणीकृत दस्तानेच सोडायचा. बांदा, दोडामार्गकडच्या ज्या घरांची मिळकत गोव्यात आहे, त्यांनी महाराष्ट्राचा हा नमुना तिथे वापरू नये. गोव्यात पोर्तुगीज परंपरेतला वेगळा वारसा कायदा आहे, तिथे वारसा खरोखरच नाकारता येतो, आणि विवाहित वारसाच्या कागदावर जोडीदाराची संमतीही लागते.

मुंबईतला फ्लॅट, बँकेतल्या ठेवी, शेअर यांना गावचं हक्कसोडपत्र पुरत नाही. फ्लॅटसाठी तिकडच्या निबंधकाकडे स्वतंत्र दस्त, ठेवींसाठी बँकेच्या नमुन्यातलं ना-हरकत. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, त्याच्याकडे ती रक्कम बाकी वारसांच्या वतीने येते.

झालेला नोंदणीकृत दस्त मन बदललं म्हणून एकट्याने रद्द करता येत नाही, तलाठी किंवा तहसीलदारही तो रद्द करू शकत नाही. फसवणूक किंवा दबाव असेल, तर कळल्यापासून तीन वर्षांत दिवाणी न्यायालयात दावा. नावातली किंवा हिस्सा नंबरमधली चूक असेल, तर त्याच लोकांनी पुन्हा येऊन चूकदुरुस्ती पत्र करायचं. म्हणून छापील दस्त हातात आला की सही करण्याआधी सातबारा शेजारी ठेवून प्रत्येक हिस्सा नंबर बोटाने मिळवून बघा. ३ चा ८ झालेला तिथेच सापडतो.